जड वाहनांना बंदीचा ठराव झाला, तरी डंपर थांबत का नाहीत? गावच्या रस्त्याबाबत या चुका टाळा

शिवारात खडीचा क्रशर सुरू झाला की वर्षभरात गावच्या डांबरीची चाळण होते. मग ग्रामसभा तापते, 'आजपासून जड वाहनांना गावातून बंदी' असा ठराव एकमताने होतो, प्रती तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला जातात, वेशीवर फ्लेक्स लागतो. आठवड्याभरात त्याच फ्लेक्सखालून दहा टायरी डंपर ये-जा करू लागतात आणि गाव म्हणतं, सगळे मॅनेज झाले. कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा ठरावाच्या कागदातच इतकी भोकं असतात की कुणाला मॅनेज करायची गरजच पडत नाही.

रस्ता कुणाचा, हे न बघता ठराव

गावातून जातो म्हणून रस्ता ग्रामपंचायतीचा होत नाही. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. ग्रामपंचायतीकडे उरतात ते गावठाणातले, नमुना 23 च्या नोंदवहीत चढलेले रस्ते. पाणंद, शिवरस्ता, शेतरस्ता यांचं प्रकरण तहसीलदारांपुढे जातं. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. 'बघू, समजुतीनं मिटेल' म्हणत ही मुदत घालवणारे शेतकरी प्रत्येक तालुक्यात भेटतात.

रस्ता ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे किलोमीटरचा दगड: माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य मार्ग, केशरी तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. दगडच नसेल तर जिल्हा परिषद बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक विचारा. अर्जात 'आमच्या गावचा मेन रोड' असं लिहिलेली फाईल पुढे सरकत नाही, 'ग्रामा' किंवा 'इजिमा' आणि पुढे आकडा लागतोच. काही रस्त्यांना क्रमांकच नसतो. कधीकाळी रोजगार हमीतून माती पडली, पण 2001-2021 च्या रस्ते विकास योजनेत नाव चढलं नाही. अशा रस्त्याला दुरुस्तीचा निधी मिळत नाही. तिथे बंदीचा आणि डांबराचा विचार नंतर, आधी क्रमांक मिळवण्याचा प्रस्ताव.

ठरावालाच आदेश समजणं

वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 115 मध्ये आहे, आणि तो राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला. ग्रामीण भागात असे आदेश बहुधा जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतात, पोलीस, आरटीओ आणि ज्याचा रस्ता त्या विभागाचा अभिप्राय घेऊन. ग्रामसभेचा ठराव ही या साखळीतली मागणी आहे. म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, पण एवढ्या बळावर पोलीस पाटलाने डंपर थांबवला तर ड्रायव्हर सरळ विचारतो, आदेश दाखवा. दाखवायला काही नसतं.

या कलमात गावाच्या फायद्याची एक सवलत आहे, ती फार कमी लोक वापरतात. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. भर पावसात रस्ता मऊ पडला असेल, मोरीचं काम चालू असेल, तर आधी महिनाभराची बंदी मागा. ती लवकर मिळते, आणि त्या महिन्यात कायमच्या बंदीसाठी लागणारे पुरावे गोळा होतात. दुसरी गोष्ट फलकांची. आदेशाबरोबर कलम 116 प्रमाणे वाहतूक चिन्हं लावणं हे आदेश काढणाऱ्याचं काम आहे. सरपंचांच्या फोटोचा फ्लेक्स हे वाहतूक चिन्ह नव्हे.

'जड वाहने' एवढंच लिहून मोकळं होणं

सगळ्यात जास्त ठराव इथे पडतात. जड म्हणजे काय? एसटी जड आहे. दुधाचा टँकर, उसाचा ट्रॅक्टर, बोअरची गाडी, घर बांधणाऱ्याची सिमेंटची ट्रक, सगळंच जड आहे. सरसकट बंदीचा पहिला फटका गावालाच बसतो आणि महिन्याभरात तेच ग्रामस्थ 'आमची गाडी सोडा' म्हणत पंचायतीच्या दारात उभे राहतात.

ठराव असा हवा: 'ग्रामा क्रमांक अमुक, किमी 0/000 ते 2/400, मारुती मंदिर ते ओढ्यावरची मोरी, या लांबीत गौण खनिज (खडी, मुरूम, वाळू) वाहणाऱ्या, वाहनासह अमुक टनांवरील मालवाहू वाहनांना सकाळी 7 ते 10 आणि सायंकाळी 4 ते 7 या वेळेत बंदी घालावी. रुग्णवाहिका, अग्निशमन, एसटी, शाळेची बस, शेतमाल व दूध वाहतूक वगळावी. पर्यायी मार्ग अमुक.' कुठून कुठपर्यंत, कोणतं वाहन, कोणती वेळ, कोण वगळायचं आणि गाडी जाणार कुठून, हे सगळं त्यात आलं पाहिजे. शेवटचा मुद्दा टाळला तर शेजारचं गाव हरकत घेणार हे ठरलेलं, कारण तुमचे डंपर त्यांच्या दारातून जाणार. त्या ग्रामपंचायतीशी आधी बोला, जमलं तर त्यांचाही ठराव जोडा. नाहीतर दोन गावांच्या वादात क्रशरवाला निवांत बसतो.

गणपूर्तीकडेही लक्ष ठेवा. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. सह्यांची वही अपुरी असेल तर समोरच्याचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

स्वतःच अडथळे उभारणं

आदेश येईना म्हणून गावं लोखंडी कमान ठोकतात, दगड टाकतात, चर खणतात. डंपर अडतो, मान्य. पण अग्निशमनाचा बंब अडतो, ऊसतोडणीचं हार्वेस्टर अडतं, आणि रात्री दुचाकीवरून येणारा गावचाच पोरगा दगडावर आदळतो. मग गुन्हा दगड टाकणाऱ्यावर.

स्पीडब्रेकरचंही तेच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटीमीटर उंच असतो, पुढे सूचनाफलक आणि वर रंगाचे पट्टे असतात. गावात उरलेल्या काँक्रीटमधून ओतलेला उंचवटा अर्धा-पाऊण मीटर रुंद आणि वीतभर उंच असतो. भरलेला डंपर त्यावर आदळतो तेव्हा पलीकडच्या डांबराला हादरा बसतो, आणि अलीकडे पाणी तुंबतं. पुढच्या पावसाळ्यात ब्रेकरच्या दोन्ही अंगांना खड्डे, ही रस्ता वाचवण्याची पद्धत झाली का?

याच्या उलट चूक धोकादायक पुलांच्या बाबतीत होते. तिथे नुसत्या फलकावर समाधान मानलं जातं. 15 जून 2025 ला मावळ तालुक्यात कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पूल बंद करायचा असेल तर तो ज्या विभागाचा आहे त्याच्याकडून दोन्ही टोकांना पक्के अडथळे करून घ्या, आणि तशी मागणी लेखी, पोच घेऊन करा.

बंदीच्या मागे लागून अतिभार विसरणं

खरं सांगायचं तर अनेक गावांना नव्या बंदीची गरजच नसते. असलेला कायदा लागू झाला तरी निम्मा त्रास संपेल. 2018 च्या सुधारित मर्यादेनुसार दोन ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) ट्रकचं मालासह वजन 18.5 टन आणि तीन ॲक्सलच्या, म्हणजे आपल्या दहा टायरीचं, 28.5 टन. आता ब्रासचा हिशेब करा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर, खडीचं वजन साधारण सव्वाचार ते साडेचार टन. सहा ब्रास भरले की माल 25 टनांच्या वर, रिकामी गाडी दहा टनांच्या पुढे. पस्तीस टन झाले. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडला तर 'गाड्या फार येतात' या तक्रारीला पहिल्यांदा वजन येतं.

रस्त्याचं नुकसानही सरळ हिशेबाने वाढत नाही. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की झीज साधारण सोळापट होते, हा रस्तेबांधणीतला जुना ठोकताळा. त्यामुळे शंभर जीप गेल्याने जे होत नाही ते एका ओव्हरलोड फेरीने होतं.

अतिभाराला कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. तक्रार आरटीओच्या वायुवेग पथकाकडे करा, पण 'रोज ओव्हरलोड गाड्या जातात' असं मोघम नको. सलग तीन दिवसांची वेळेनुसार नोंद, गाडी क्रमांकासह फोटो, जवळचा वजनकाटा कुठे आहे ते, आणि माहिती अधिकारात तहसील कार्यालयातून मिळवलेली गौण खनिज वाहतूक परवान्यांची माहिती जोडा. परवान्यावरचे ब्रास आणि फोटोतला ढीग जुळत नसेल तर मामला महसूल खात्याचाही होतो, आणि तिथे हालचाल जरा लवकर होते.

एक चूक मात्र फार महागात पडते: डंपर अडवून 'रस्ता दुरुस्ती वर्गणी' घेणं. पावती छापली तरी ग्रामपंचायतीला रस्त्यावर अशी वसुली करता येत नाही, आणि खंडणीची तक्रार व्हायला वेळ लागत नाही. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, त्यातून रस्त्याचंही काम होऊ शकतं. ती मागणी रीतसर करा.

खड्डा बघणं, कारण न बघणं

दुरुस्तीच्या अर्जात 'रस्ता खराब झाला' एवढंच असतं. पण रस्ता कसा खराब झालाय यावरून दोष कुणाचा ते बरंचसं कळतं.

चाकांच्या वाटेत लांबलचक चाकोऱ्या दबल्या असतील तर कारण वजन, किंवा खालचा भराव कच्चा. कडा कुरतडल्यासारख्या तुटत असतील तर साइडपट्टी खचलीय. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की चाक खाली उतरतं आणि डांबराचा काठ मोडतो. तिथे डांबर नको, मुरूम टाकून दाबलेली साइडपट्टी हवी. पहिल्याच वर्षी वरच्या खपल्या निघत असतील तर डांबर कमी किंवा दबाई कमी, तो दोष ठेकेदाराचा. आणि खड्डा दरवर्षी त्याच जागी पडत असेल तर वर बघू नका, बाजूला बघा. गटार बुजलेलं असेल, मोरीचा पाइप गाळाने भरला असेल, कुणाच्या ठिबकचं किंवा पाटाचं पाणी रस्त्यावर येत असेल, नाहीतर नळयोजनेच्या पाइपसाठी रस्ता कापून नुसत्या मातीने बुजवला असेल. पाण्याचा बंदोबस्त न करता त्या खड्ड्यावर केलेला खर्च वाहून जाणार.

भर पावसात खड्ड्यात मुरूम टाकणं हा गावोगावचा तात्पुरता उपाय. दोन सरींत त्याचा चिखल होतो. तातडीने भरायचंच असेल तर खडी टाकून दाबावी. पक्क्या दुरुस्तीत खड्डा चौकोनी कापून, सैल माल काढून, आत पूर्ण कोरडा करून, डांबराचा हात मारून मग थर भरतात आणि रोलर फिरवतात. हे काम पाऊस उघडल्यावरचं. म्हणून जूनमध्ये दिलेला अर्ज उशिराचा असतो. पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी 2 ऑक्टोबरची ग्रामसभा गाठा.

पैसा चुकीच्या खिशातून

जिल्हा परिषदेच्या रस्त्याची दुरुस्ती 'तीस-चोपन्न'मधून, नवं काम 'पन्नास-चोपन्न'मधून, गावठाणातलं काँक्रीट 'पंचवीस-पंधरा'तून, ही लेखाशीर्षं, म्हणजे निधीची सरकारी खाती, सदस्यांना तोंडपाठ असतात. तरी एक गोष्ट निसटते. ग्रामसडक योजनेचा रस्ता पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं त्याची देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असते. ती मुदत चालू असताना ग्रामपंचायत आपला निधी घालून खड्डे बुजवते, आणि ठेकेदाराला 'दुसऱ्यांनी काम केलंय' म्हणायची सोय होते.

रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते. फलक पडला असेल तर माहिती अधिकारात कार्यादेश, पूर्णत्वाची तारीख आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागा. त्याच कायद्याखाली वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे सांगितलं की काही कार्यालयांत उत्तर जरा लवकर येतं. मग मुदत संपायच्या आत कार्यकारी अभियंत्याला लेखी तक्रार द्या, 'मेरी सडक' ॲपवर फोटो टाका, आणि पोच असलेली प्रत ग्रामपंचायतीच्या फाईलला लावा. साडेचार वर्षं झाल्यावर ही फाईल उघडणाऱ्या गावाच्या हातात सहाच महिने असतात, आणि त्यातले चार पावसाचे निघू शकतात.