वन-पॉकेटमध्ये सुरुवातीचा ब्रेक कसा निवडावा

पूलमधल्या नाइन-बॉल या खेळाची सवय असलेला खेळाडू त्याच टेबलावरच्या वन-पॉकेटला उभा राहिला की पहिल्याच फटक्याला, म्हणजे ब्रेकला, रॅकवर (त्रिकोणात मांडलेल्या बॉलवर) तुटून पडतो. इथे ते महागात पडतं. पंधरापैकी आठ बॉल जो आधी आपल्या पॉकेटमध्ये घालेल तो जिंकतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पॉकेट एकच: रॅककडच्या दोन कोपऱ्यांपैकी एक. उरलेल्या चार पॉकेटांत गेलेला बॉल परत स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, येतो. अशा खेळात सगळे बॉल उधळून देणं म्हणजे समोरच्यापुढे वाढलेलं ताट ठेवणं. म्हणून ब्रेक निवडताना बॉल किती फुटतील हे मी नंतर बघतो. आधी ठरवतो, पांढरा बॉल (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो) कुठे थांबला पाहिजे.

कोपरा निवडण्याचा हक्क ब्रेक करणाऱ्याचा असतो. तो वाया घालवू नका. रॅक लावण्याआधी एक बॉल अगदी हळू सोडून बघा. टेबल एका बाजूला ओढत असेल, तर तोच कोपरा आपला. संथ सरकणारे बॉल डावभर तिकडेच झुकत राहतात. टेबल सपाट असेल तर ज्या बाजूने तुमचा हात मोकळा चालतो ती बाजू घ्या.

आता धरून चाला की उजवा कोपरा तुमचा आहे.

रॅकजवळ जाऊन वाकून बघा. सर्वांत पुढचा बॉल मागच्या दोघांना चिकटलेला आहे का? मधे फट असेल तर फटक्याचा जोर तिथेच मुरतो आणि टोकाचे बॉल जागचे हलत नाहीत. रॅक पुन्हा लावायला सांगण्यात संकोच नको.

पांढरा बॉल हेड स्ट्रिंगच्या (ब्रेक करणाऱ्याच्या बाजूच्या आडव्या रेषेच्या) मागे, मध्यरेषा आणि डावं कुशन (टेबलाची रबरी कड) यांच्या साधारण मधोमध ठेवा. नेम असा: पुढच्या बॉलला डावीकडून निसटता स्पर्श आणि लगोलग दुसऱ्या ओळीतल्या डाव्या बॉलवर भरीव आघात. हे दोन स्पर्श इतके जवळजवळ होतात की कानाला एकच आवाज येतो. जोर रॅकमधून पलीकडे जातो, उजव्या अंगाचे बॉल तुमच्या पॉकेटकडे सरकतात, आणि पांढरा बॉल डाव्या कुशनकडे वळतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्याच्या थोडा अलीकडे, कुशनला चिकटून थांबला की ब्रेक जमला. आता प्रतिस्पर्ध्याला क्यूचा मागचा भाग उचलून बॉलच्या वरच्या कडेवर मारावं लागतं. बहुतेक बॉल तुमच्या बाजूला असतात, त्यामुळे त्याच्या पॉकेटकडे सरळ फटका सहसा मिळत नाही. वर, तुमच्या पॉकेटसमोर आलेला बॉल आधी हटवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

वेग मध्यमाहून थोडा कमी ठेवा. जास्त जोर लागला तर कुशनवरून परतलेला एखादा बॉल पांढऱ्याला धडकतो, आणि मग तो कुठे जाईल याचा नेम नाही. फारच हळू मारलात तर रॅक जेमतेम हलतो आणि पांढरा अर्ध्या वाटेत उघडा राहतो. नव्या, गुळगुळीत कापडावर हात आणखी आवरा.

साइडचा (पांढऱ्याच्या मध्याच्या बाजूला मारून दिलेल्या फिरकीचा) उपयोग मोजकाच करा. क्यू मध्याच्या थोडा वर आणि उजवीकडे लावला तर पांढरा बॉल डाव्या कुशनला लागल्यावर कोपऱ्याच्या दिशेने पुढे घसरतो. डावी साइड दिली तर तो तिथेच अडखळतो. पहिल्या प्रकारात पोझिशन उत्तम मिळते, पण पांढरा प्रतिस्पर्ध्याच्या पॉकेटमध्ये पडण्याची भीतीही तिथेच. पडला तर एका बॉलचा दंड, शिवाय प्रतिस्पर्ध्याला हेड स्ट्रिंगमागून पांढरा हवा तिथे ठेवून खेळता येतं. अनोळखी टेबलावर मी पहिला ब्रेक साइड न देताच करतो.

स्नूकरचे खेळाडू रॅकच्या टोकाच्या बॉलला पातळ स्पर्श करून पांढरा परत वरच्या, म्हणजे ब्रेक करणाऱ्याच्या, टोकाला आणतात. हा सावध ब्रेक आहे, पण त्यातून तुमच्या पॉकेटकडे फारसं काही येत नाही. समोरचा लांबून अचूक पॉट करणारा असेल तर हा ब्रेक महागही पडतो, कारण पांढरा त्याच्यापुढे मोकळाच असतो. नेहमीचा ब्रेक त्या दिवशी अजिबात बसत नसेल तेव्हाच मी याकडे वळतो.

सरावासाठी डाव्या कुशनच्या लाकडावर, प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यापासून पहिल्या आणि दुसऱ्या खुणेच्या मधे चॉक (क्यूच्या टोकाला लावायचा खडू) ठेवा. दहा ब्रेक मारा आणि दर वेळी पांढरा चॉकपासून किती लांब थांबला एवढंच लिहून ठेवा. बाकीचे बॉल कुठे गेले ते बघूसुद्धा नका. पांढरा सारखा चॉकच्या अलीकडे राहत असेल तर वेगाला हात लावण्याआधी सुरुवातीची जागा एका बॉलच्या रुंदीइतकी बदलून बघा, आणि नवे दहा मारा.