फोटोत बाकी सगळं क्लिअर आणि चेहराच ब्लर? या चुका टाळा

माझं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे, म्हणजे पासपोर्ट साईज, लॅमिनेशन, फ्रेम वगैरे. आठवड्याला तीन-चार जण तरी असे येतातच की मोबाईल काउंटरवर ठेवतात, दोन बोटांनी फोटो मोठा करतात आणि म्हणतात, "दादा, चेहरा तेवढा क्लिअर करून द्या ना, काय होतील ते पैसे घ्या." बघावं तर चेहऱ्याच्या जागी कणकेचा गोळा. त्यांना वाटतं कॉम्प्युटरमध्ये एक बटण असतं आणि हा मुद्दाम दाबत नाहीये. तसं बटण नसतं हो. पण खरं सांगू का, निम्मे फोटो काढतानाच वाचले असते, आणि उरलेल्यातले बरेच पाठवताना वाचले असते.

आधी ब्लर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

ताप मलेरियाचाही असतो आणि साध्या सर्दीचाही, गोळी वेगळी लागते. ब्लरचंही तेच. फोटो मोठा करून चेहरा सोडून बाकी ठिकाणी बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, लायटिंगच्या माळेतला प्रत्येक बल्ब छोट्या रेघेसारखा झालाय, तर तुमचा हात हलला. मागची भिंत, खुर्च्या एकदम कडक आणि फक्त माणूस फरपटलाय, तर माणूस हलला. माणूस हललेला नाही पण मागच्या मंडपाच्या कापडाची वीण दिसतेय आणि चेहरा मऊ आहे, तर फोकस मागे गेलाय. सगळ्यावर दुधाची साय पसरल्यासारखी आणि प्रत्येक दिव्याला लांब लांब किरणं फुटलीत, तर लेन्स घाण आहे. भुवया ब्रशने रंगवल्यासारख्या, गाल प्लास्टिकचे, तर अंधारात फोटोत येणारे बारीक ठिपके, म्हणजे दाणे, पुसता पुसता फोनने चेहराही पुसलाय (नाहीतर ब्युटी मोड चालू राहिलाय, तो आधी बंद करा). आणि बारीक बारीक चौकोन दिसत असतील तर फोटो चांगला होता, तो पाठवताना खराब झाला. हे एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

लेन्स न पुसणं

हसू नका, काउंटरवर आलेला फोन मी आधी पुसतो आणि मग बोलतो. पुढच्या कॅमेऱ्याला तर फोनवर बोलताना गालाचा घाम, पावडर, खोबरेल तेल सगळं लागतं आणि मग सेल्फी धुरकट येते म्हणून फोनला शिव्या. चष्म्याचं कापड नाहीतर धुतलेला सुती रुमाल घ्या, जरीच्या पदराने किंवा धुळीच्या शर्टाने घासू नका. कॅमेऱ्यावर वरून काच चिकटवून घेतली असेल तर रात्री दिव्यांची भुतं त्या काचेमुळे दिसतात, एकदा काढून फोटो घेऊन बघा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढला तर लेन्सवर वाफ धरलेली असते, पाच-दहा मिनिटं थांबा, जाते.

अंधार आणि हलणारा माणूस

सगळ्यात जास्त फोटो इथे जातात. हळद, संध्याकाळची आरती, बारसं, घरातला एकच ट्यूबलाईट. उजेड कमी असला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, १/१५ सेकंद वगैरे. ऐकायला ते किती कमी वाटतं, पण हिशोब करा, लहान पोरगं साधं चालत जरी असलं तरी सेकंदाला एक मीटर तरी जातं, म्हणजे १/१५ सेकंदात साडेसहा सेंटिमीटर. त्याचा चेहराच केवढा असतो? अर्धा चेहरा सरकला की! तेच १/२५० सेकंदाला फक्त चार मिलिमीटर सरकतं, ते चालून जातं.

आता लोक म्हणतात, "पण माझ्या फोनमध्ये ओआयएस आहे." ओआयएस, म्हणजे कॅमेऱ्यातली थरथर सावरायची सोय, तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचं डोकं नाही. नाईट मोडचंही तसंच, तो एकामागून एक बरेच फोटो घेऊन एकत्र करतो, देवळाच्या शिखराला झकास, आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या आत्याला नाही. माणसं हलतायत तिथे नाईट मोड बंद करा आणि फोटो थोडा दाणेदार आला तर येऊ द्या. दाणेदार फोटो प्रिंटला चांगला दिसतो, फरपटलेला कधीच दिसत नाही, हे मी रोज बघतो.

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे उजेड. सगळे दिवे लावा, माणसाला खिडकीकडे तोंड करून उभं करा, दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलचा टॉर्च बाजूने पकडायला सांगा. फोनचा फ्लॅश एक-दीड मीटर, फार तर दोन मीटरपर्यंत कामाचा, हॉलच्या शेवटच्या रांगेतून स्टेजवर फ्लॅश मारला तर पुढच्या काकांचं टक्कल तेवढं उजळतं. प्रो मोड (सेटिंग आपल्या हाताने करायचा मोड) असेल तर शटर १/२०० किंवा १/२५० ठेवा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, ऑटोवर सोडा. नसेल तर बर्स्ट, म्हणजे एका दमात पटापट बरेच फोटो, आयफोनला शटरचं बटण डावीकडे ओढून धरायचं, सॅमसंगला खाली ओढायचं, वीस फोटोंतला एखादा तरी स्थिर निघतो.

आणि क्षण बघून दाबा. झोक्यावरचं पोरगं टोकाला गेलं की क्षणभर थांबतं, तेव्हा. अक्षता पडताना नवरा-नवरी हलतायत, पण हार घातल्यानंतर दोघं एक सेकंद जागच्या जागी असतात, तेव्हा. ग्रुपला "एक, दोन, तीन" म्हणायची सवय असेल तर तीनला लोक हसायला, केस सारायला, मान वळवायला हलतात, म्हणून तीन म्हणून झाल्यावर मनातल्या मनात अजून एक आकडा मोजा आणि मग दाबा.

हात हलत असेल तर दोन्ही कोपरं पोटाला टेकवा, नाहीतर तीन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबतानाचा धक्काच फोन हलवतो.

फार जवळ जाणं

बाळाचा फोटो म्हटलं की सगळे फोन बाळाच्या नाकाला लावतात. गंमत अशी की फोन जितका नवा आणि महागाचा, त्याचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) जितका मोठा, तितका मेन कॅमेरा बऱ्याचदा जवळचं कमी धरतो. आयफोन १५ प्रो घ्या, मेन कॅमेऱ्याचं कमीत कमी फोकस अंतर २४ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर थोडं. त्याच्या आत गेलात तर एकतर फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो नाहीतर फोकस पाळण्याच्या झालरीवर जाऊन बसतो. दोन हात मागे सरका आणि २एक्स दाबा, चेहराही छान येतो, नाक मोठं दिसत नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवा, डोळ्यावर टेकवलं तर अजून चांगलं, आणि तसंच दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस लॉक होतो, मग मधून कोणी गेलं तरी फोकस पळत नाही.

सेल्फी कॅमेऱ्याला स्वस्तातल्या फोनमध्ये ऑटोफोकस नसतोच, हाताच्या अंतराला फिक्स करून दिलेला असतो, आयफोनला सुद्धा पुढच्या कॅमेऱ्यात तो २०२२ ला १४ पासून आला. तेव्हा हात लांब करा, तोंड जवळ नेऊन उपयोग नाही.

दोन-तीन रांगांचा ग्रुप असेल तर पोर्ट्रेट मोड नको म्हणजे नकोच, मागच्या रांगेतली काकू बॅकग्राउंड समजून पुसली जाते आणि मग वर्षभर ऐकावं लागतं. मागे सरका, साधा मोड ठेवा. अल्ट्रावाईड (जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स) पण टाळा, कडेची माणसं ताणली जातात. कडेला नेहमी जावईच असतो.

लांबून झूम

शाळेच्या गॅदरिंगचे फोटो. मागच्या रांगेतून १०एक्स झूम करून काढलेला फोटो म्हणजे छोटा तुकडा कापून मोठा केलेला असतो, आणि अंधारात बरेच फोन झूमची लेन्स वापरतच नाहीत, मेन कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतात. उठा आणि पुढे जा. बाकी उपाय नाही.

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो फ्रेमला देणं

हे जरा सविस्तर सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक जण आला, वडील वारले होते, तेराव्याला फोटो लावायचा होता. फोटो कुठला, तर पुतणीच्या लग्नातला ग्रुप, एका ओळीत बारा माणसं, फॅमिली ग्रुपवरून डाउनलोड केलेला. आता हिशोब बघा. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो आडवा ४००० पिक्सेलचा असतो. त्यात बारा माणसं म्हणजे एकेकाला तीनशे-सव्वातीनशे पिक्सेल, त्यातला चेहरा सव्वाशेच्या आसपास. व्हॉट्सअॅपने साधा फोटो पाठवताना तो साधारण १६०० वर आणला, म्हणजे चेहरा राहिला ५० पिक्सेल. आणि त्याला फ्रेम पाहिजे ८ बाय १२ ची, चेहरा चार इंच रुंद, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, १२०० पिक्सेल लागणार. पन्नासाचे बाराशे कसे करू? शेरभर पिठात अख्खं गाव कसं जेवणार!

त्याला म्हटलं, हा फोटो ज्याने काढला त्याला फोन लाव. मावसभाऊ निघाला, पुण्यात. त्याच्या गॅलरीत मूळ फोटो तर होताच, पण त्याच दिवशी वडिलांचा पंगतीत वाढताना काढलेला एकट्याचा फोटो पण होता, तो कोणी ग्रुपवर टाकलाच नव्हता कारण हातात वरणाची बादली होती. तो डॉक्युमेंट म्हणून मागवला, चार एमबीचा आला, बादली मी खालून कापली.

तर फोटो मागताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागा, म्हणजे तो जसाच्या तसा येतो. २०२३ पासून एचडीचा पर्याय पण आहे, त्याने फरक पडतो, पण तिथेही थोडी कात्री लागतेच. आणि स्क्रीनशॉट पाठवू नका हो, वर बॅटरी किती टक्के आहे ते पण येतं त्यात. फोटो क्लाउडवर असतील तर फोनमध्ये कधी कधी फक्त छोटी कॉपी असते, इंटरनेट चालू करून आधी पूर्ण डाउनलोड होऊ द्या आणि मग पाठवा.

एआय अॅपवर डोळे झाकून विश्वास

आता प्रत्येक जण म्हणतो एआयने होतं. होतं ना, पण काय होतं ते समजून घ्या. चेहरा थोडा मऊ असेल, डोळे-नाक-ओठ ओळखू येत असतील, तर ही अॅप खरंच चांगलं काम करतात. गूगलच्या पिक्सेल ७ मध्ये २०२२ ला फोटो अनब्लर आलं ते याच कामाचं, आणि त्याच्या आधी पिक्सेल ६ ला फेस अनब्लर आलं होतं, ते तर फोटो काढतानाच दोन कॅमेऱ्यांनी एकदम टिपून चेहरा सावरतं. पण चेहऱ्यात माहितीच नसेल तर एआय चेहरा दुरुस्त करत नाही, नवीन बनवतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पल्स नावाच्या मॉडेलला लोकांनी बराक ओबामांचा चौकोनी-चौकोनी केलेला फोटो दिला तर त्याने गोरा माणूस काढून दिला, तेव्हा बरीच चर्चा झाली होती. मी पण एकदा एका आजीचा फोटो एका अॅपमधून काढला, कपाळावरचं गोंदण गायब आणि दात एकदम टूथपेस्टच्या जाहिरातीतले. मला तर आवडला होता फोटो. सुनेने बघितला आणि म्हणाली, "या कोण?"

म्हणून एआय वापरलं तर मूळ फोटो शेजारी ठेवून तीळ, गोंदण, दात, चष्म्याची काडी, कपाळाच्या रेषा बघा, आणि घरातल्या एकाला न सांगता दाखवा. अॅपमध्ये जोर कमी-जास्त करायचा स्लायडर असेल तर अर्ध्यावर ठेवा. सरकारी कागदाला मात्र असला फोटो लावू नका, सरळ नवीन काढा.

साधा मऊ फोटो असेल तर स्नॅपसीड या फोटो एडिटिंगच्या अॅपमध्ये डिटेल्स उघडा, शार्पनिंग थोडंसं, स्ट्रक्चर जवळजवळ नाहीच, कारण स्ट्रक्चरने चेहऱ्यावर चाळणीसारखे खड्डे दिसायला लागतात. आणि आमच्या धंद्यातली युक्ती सांगतो, फोटो छोटा करा. ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, त्या साईजला बराचसा ब्लर दिसतच नाही. ब्लॅक अँड व्हाईट करून थोडा दाणा टाकला तर अजून खपतो.

एवढं करूनही सगळेच फोटो ब्लर येत असतील तर

मग फोन बघा. गाडीच्या हँडलला मोबाईल होल्डर लावून रोज फिरता का? अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलचे हादरे हँडलवरून सतत बसले तर कॅमेऱ्याचं ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. चुंबकवालं कव्हर किंवा होल्डर असेल तरी फोकस गंडू शकतो, ते काढून एक फोटो घेऊन बघा. फोन रिस्टार्ट करा, कॅमेरा अॅपच्या सेटिंग्ज रिसेट करा, दुसऱ्या कॅमेरा अॅपमधून फोटो घ्या. मग फोन टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवा आणि टायमर लावून भर उन्हात समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो घ्या. तारखा कडक आल्या तर कॅमेरा ठीक आहे, वरच्यापैकी काहीतरी तुमचंच चुकतंय. तारखा पुसट आल्या, किंवा व्हिडिओ चालू केल्यावर चित्र आपोआप थरथरतंय आणि आतून कट-कट आवाज येतोय, तर मोबाईल रिपेअरवाल्याकडे न्या, कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागेल.