माशाच्या अंगावर कापूस दिसतोय? आधी ती फंगसच आहे का बघा

अंगावर, कल्ल्यावर किंवा शेपटीला पांढरट-करडा, कापसासारखा पुंजका, पाण्यात हलणारे बारीक धागे, तर ती बहुतेक फंगसच, नेहमीची म्हणजे सॅप्रोलेग्निया. मासा पाण्यात असतानाच टॉर्च मारून बघा, बाहेर काढला की धागे अंगाला चिकटतात आणि काही कळत नाही.

आता लगेच औषध ओतू नका. मिठाच्या कणाएवढे सुटे सुटे ठिपके असतील तर तो इच, परजीवी आहे, त्याची ट्रीटमेंट वेगळी. आणि तोंडाभोवती पांढरं किंवा पाठीवर खोगिरासारखा पट्टा असून एक-दोन दिवसात झपाट्याने पसरत असेल तर कॉलमनॅरिसचा संशय घ्या, तो बॅक्टेरिया, गरम पाण्यात अजून माजतो त्यामुळे हीटर वाढवायचा नाही. बहुतेक लोक इथेच फसतात आणि मासा गेल्यावर औषधाला शिव्या घालतात.

धडधाकट माशाला फंगस सहसा धरत नाही. मारामारीत खवला निघाला, जाळीने खरचटलं, पाणी खराब झालं की मग ती घुसते. म्हणून पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) टेस्ट करा, दोन्ही शून्यच पाहिजेत, नसतील तर २५-३० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं. हे न करता औषध टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

मासा वेगळ्या टँकमध्ये घ्या, एअर पंप चालूच ठेवा. साधं, काही न मिसळलेलं मीठ लिटरला १ ते ३ ग्रॅम, आधी विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं करून. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलताना जेवढं नवीन पाणी तेवढ्यापुरतंच घाला. कोरी, लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना मीठ झेपत नाही, झाडांनाही नाही.

तीन-चार दिवसात फरक नाही पडला तर मिथिलीन ब्लू (फंगसवरचं निळं औषध), डोस बाटलीवरचाच, अंदाजपंचे नको. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो. मेन टँकमध्ये हे टाकूच नका, फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. त्याऐवजी मॅलाकाइट ग्रीन हे फंगसवरचं दुसरं औषध वापरणार असाल तर हातमोजे घाला, आणि दोन औषधं एकत्र कधीच नाही.

पुंजका गळला तरी कोर्स पूर्ण करा, खालची जखम अजून उघडीच असते. मासा परत सोडायच्या आधी मेन टँकमध्ये कोण कोणाला चावतंय ते बघून घ्या, त्या दादाला वेगळा काढा.