भारतीय आणि आशियाई बाजारात गुंतवणूक: कुठल्या वाटेने जायचं आणि पैसे कुठे गळतात

निफ्टी 50 या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात बँका आणि वित्तसंस्थांचंच वजन एक तृतीयांशाहून जास्त आहे. त्यांच्यामागे आयटी सेवा, तेल-वायू, वाहनं, रोजच्या वापराच्या वस्तू. सगळ्यात प्रगत चिप बनवणारी टीएसएमसी मात्र तैवानची आहे, आणि मेमरी चिपमधल्या दोन दादा कंपन्या, सॅमसंग आणि एसके हायनिक्स, कोरियातल्या. भारताबाहेरच्या आशियात थोडे पैसे ठेवायचं खरं कारण हेच आहे: आपल्या बाजारात जे मिळत नाही ते तिथे मिळतं. "चीन आता स्वस्त झालाय" हे कारण पुरेसं नाही. हाँगकाँगचा हँग सेंग निर्देशांक जानेवारी 2018 मध्ये 33,000 च्या वर होता आणि ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस 15,000 च्या खाली. त्या उतारावर तो प्रत्येक टप्प्याला स्वस्तच दिसत होता.

बहुतेकांचं नुकसान देश चुकल्यामुळे कमी आणि वाट चुकल्यामुळे जास्त होतं. म्हणून इथे भर वाटांवर आहे.

आधी घरचा पाया

केवायसीपासून, म्हणजे ओळख-पत्त्याच्या पडताळणीपासून सुरुवात करा. केआरएच्या (केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर पॅन टाकून स्थिती पाहा. "व्हॅलिडेटेड" असेल तर कुठल्याही फंडात अडचण नाही. "रजिस्टर्ड" असेल तर नव्या फंड घराण्यात पुन्हा कागद मागू शकतात. "ऑन होल्ड" दिसलं तर बहुतेक वेळा पॅन आणि आधारवरचं नाव जुळत नसतं किंवा मोबाइल-ईमेलची खातरजमा राहिलेली असते. हे आधी निस्तरा. पैसे नेहमी स्वतःच्या खात्यातूनच भरा. नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) पाठवलेली रक्कम 'थर्ड पार्टी' म्हणून परत येते.

पाया म्हणून निफ्टी 50 चा एक इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन (एजंटच्या कमिशनशिवाय), ग्रोथ पर्याय (लाभांश न वाटता पैसे फंडातच राहतात). सगळे फंड तेच पन्नास शेअर घेतात, त्यामुळे निवड दोनच आकड्यांवर करायची: खर्चाचं प्रमाण आणि ट्रॅकिंग डिफरन्स. ट्रॅकिंग डिफरन्स म्हणजे निफ्टीच्या टीआरआय, म्हणजे लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकापेक्षा फंड वर्षाला किती मागे पडला. हा आकडा फंडाच्या संकेतस्थळावर मिळतो. जाहिरातीत साध्या निफ्टीशी तुलना असेल तर ती बाजूला ठेवा, कारण लाभांश वगळला की फंड उगाचच हुशार दिसतो.

महिन्याला 20,000 रुपये शेअर बाजारासाठी वेगळे निघत असतील तर एक सरळ मांडणी अशी: 12,000 निफ्टी 50, 5,000 निफ्टी नेक्स्ट 50 (त्यापुढच्या पन्नास कंपन्या) आणि 3,000 आशियाई फंड. परदेशाचा वाटा 15 टक्के. पाच टक्क्यांहून कमी ठेवलात तर त्याचा परिणाम जाणवणार नाही, फक्त कागदपत्रं वाढतील. पंचवीस टक्क्यांच्या वर गेलात तर एखाद्या वाईट वर्षात हात थरथरायला लागतील आणि नेमक्या तळाला विकून मोकळे व्हाल.

एसआयपीच्या (दरमहा ठरावीक रकमेच्या हप्त्याच्या) तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात शिल्लक हवी. मँडेट (बँकेला दिलेला हप्ता वळता करायचा आदेश) परतलं तर बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर एसआयपी आपोआप रद्द होते. आणखी एक: दुपारी तीनच्या आत अर्ज केला म्हणून त्याच दिवसाची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचं मूल्य) मिळेलच असं नाही. फेब्रुवारी 2021 पासून फंडाच्या खात्यात पैसे जमा झाल्याशिवाय एनएव्ही लागत नाही. बाजार कोसळलेल्या दिवशी अडीच वाजता नेट बँकिंगने पैसे पाठवणाऱ्यांना याचा फटका बसतो.

थेट शेअर घ्यायचे असतील तर निकाल वाचायची सवय लागते. एक चाचणी मात्र सगळ्यांनी करावी: गेल्या पाच वर्षांचा निव्वळ नफा बेरजेने मांडा आणि त्याखाली त्याच पाच वर्षांचा कामकाजातून आलेला रोख प्रवाह मांडा. दोन्ही कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून काढलेल्या, आर्थिक पत्रकांतून. समजा नफ्याची बेरीज 500 कोटी आणि रोख 150 कोटी. मग उरलेले 350 कोटी कुठे आहेत ते शोधा. ते एक तर गिऱ्हाइकांकडे थकलेले असतात किंवा गोदामात पडलेल्या मालात अडकलेले. (बँका आणि वित्तकंपन्यांना ही चाचणी लागू नाही, कर्ज देणं हाच त्यांचा धंदा.) त्यानंतर एक्सचेंजच्या संकेतस्थळावर तिमाही शेअरहोल्डिंग पाहा. प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर वाढत असतील तर थांबा. भाव पडला की सावकार ते शेअर बाजारात विकतो, आणि त्या विक्रीने भाव आणखी पडतो.

हाँगकाँगचा ईटीएफ घेताना

आशियात जायची सगळ्यात सोपी दिसणारी वाट म्हणजे एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) नोंदलेला ईटीएफ, म्हणजे शेअरसारखी खरेदी-विक्री होणारा फंड: हँग सेंग बीज किंवा हँग सेंग टेक. डिमॅट खातं असलं की रिलायन्सचा शेअर घ्यावा तसा घेता येतो. आणि सगळ्यात मोठा खड्डाही इथेच आहे.

भारतीय म्युच्युअल फंडांनी परदेशात मिळून किती पैसे न्यायचे याला 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशी ईटीएफमधल्या गुंतवणुकीसाठी वेगळी 1 अब्ज डॉलरची. फेब्रुवारी 2022 मध्ये पहिली मर्यादा भरत आली तेव्हा बाजाराची नियामक संस्था सेबीने नवी गुंतवणूक थांबवायला सांगितलं. जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाली, पण जुन्या पातळीच्या आतच. दुसऱ्या मर्यादेपायी परदेशी ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या योजनांना एप्रिल 2024 पासून नवे पैसे घेणं बंद करावं लागलं.

याचा भावाशी संबंध असा. एरवी ईटीएफचा भाव एनएव्हीच्या वर गेला की मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारा नेमलेला व्यापारी) फंडाकडून नवी युनिट घेतो, बाजारात विकतो आणि भाव खाली येतो. नवी युनिट निघणंच बंद झालं की ही वाट बंद होते. मागणी वाढते, युनिट तेवढीच राहतात आणि भाव एनएव्हीला सोडून वर तरंगत राहतो.

हिशेब जवळून पाहू. एनएव्ही 300 रुपये आहे आणि पडद्यावर भाव 345. म्हणजे 15 टक्के प्रीमियम. तुम्ही 345 ला घेतलंत. वर्षभरात हाँगकाँगचा बाजार 10 टक्के चढला, एनएव्ही 330 झाली. तोवर उत्साह ओसरून प्रीमियम 3 टक्क्यांवर आला. तुमची विक्री होते 339.90 ला. बाजाराबद्दलचा अंदाज बरोबर आला, तरी पाच रुपये दहा पैसे गेले.

म्हणून खरेदीची पद्धत ठरवून घ्या:

1. फंड घराण्याच्या किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर आयएनएव्ही उघडा. हा एनएव्हीचा चालू अंदाज असतो. कालची एनएव्ही धरून निर्णय घेऊ नका.
2. भावातून आयएनएव्ही वजा करा, उरलेल्याला आयएनएव्हीने भागा. 1 टक्क्याच्या आत असेल तर ठीक. 2 टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी घेऊ नका.
3. भारतीय वेळेनुसार साडेदहा ते दीड या वेळातच ऑर्डर टाका. हाँगकाँगचा बाजार आपल्या सकाळी सातला उघडतो, साडेनऊ ते साडेदहा जेवणाची सुट्टी घेतो आणि दीडला बंद होतो. सव्वानऊला आपला बाजार उघडल्यावर पंधरा मिनिटांत तिकडे सुट्टी होते आणि आयएनएव्ही गोठते. दीडनंतर तर भाव सांगायला तिथे कुणीच नसतं.
4. नेहमी लिमिट ऑर्डर, म्हणजे कमाल भाव तुम्ही ठरवलेली. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकलीत आणि विक्रीच्या बाजूला शंभर युनिटच असतील, तर उरलेली तुमची ऑर्डर पुढच्या महाग भावांना भरत जाते.

तिकडे सुट्टी असेल त्या दिवशी, उदाहरणार्थ चिनी नववर्षाच्या आठवड्यात, ईटीएफला हातच लावू नका.

आणखी एक गैरसमज काढून टाका. हँग सेंग म्हणजे चीन नव्हे. त्यात टेन्सेंट आणि अलिबाबाबरोबर एचएसबीसी ही ब्रिटिश बँक आणि एआयए ही विमा कंपनीही मोठ्या वाट्याने आहे. शिवाय अलिबाबासारख्या कंपनीचा शेअर घेतलात तरी तो केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा असतो. चीनमधल्या धंद्याशी तिचं नातं मालकीपेक्षा करारांचं आहे. जुलै 2021 मध्ये चीन सरकारने शालेय शिकवण्यांच्या कंपन्यांना नफा कमवायलाच मनाई केली आणि ते शेअर काही दिवसांत कोसळले. ही जोखीम कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

फंड ऑफ फंड

दुसरी वाट म्हणजे परदेशी फंडांमार्फत तैवान, आसियान (आग्नेय आशिया), ग्रेटर चायना (चीन, हाँगकाँग, तैवान) किंवा इमर्जिंग मार्केट्समध्ये (उदयोन्मुख बाजारांत) पैसे घालणारे भारतीय फंड. इथे व्यवहार एनएव्हीलाच होतो, प्रीमियमचा प्रश्न येत नाही. नव्या गुंतवणूकदाराने याच वाटेने जावं असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एवढीच, की योजना त्या वेळी पैसे घेत असली पाहिजे. मर्यादा जवळ आली की काही योजना एकरकमी गुंतवणूक बंद करतात किंवा दररोज प्रति पॅन कमाल रक्कम ठरवतात, म्हणून अर्ज करण्याआधी ताजी सूचना वाचा.

खर्च दोनदा लागतो: एकदा भारतीय फंडाचा, एकदा तो ज्या परदेशी फंडात पैसे टाकतो त्याचा. माहितीपत्रकात दोन्ही असतात. बेरीज स्वतः करा. विक्रीचे पैसे यायला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. मुलाच्या कॉलेजची फी यातून भरायची असेल तर आठवडाभर आधी विका.

नावावर जाऊ नका, पोर्टफोलिओ उघडा. "इमर्जिंग मार्केट्स" आणि "एशिया एक्स जपान" (जपान वगळून आशिया) या दोन्हींत भारत असतो, म्हणजे परदेशात जायचा खर्च भरून तुम्ही पुन्हा आपल्याच बँका विकत घेता. तैवानच्या फंडात टीएसएमसी किती टक्के आहे तेही पाहा. त्या देशाच्या बाजारमूल्यात या एका कंपनीचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. आणि कोरिया शोधत असाल तर निर्देशांक कुणाचा ते तपासा. निर्देशांक बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एमएससीआय कोरियाला उदयोन्मुख मानते, एफटीएसई विकसित. एफटीएसईवर आधारलेल्या उदयोन्मुख बाजारांच्या फंडात सॅमसंग सापडणार नाही.

स्वतः परदेशात पैसे पाठवणं

तिसरी वाट एलआरएसची, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची. निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो: 12 लाख पाठवले तर 2 लाखांवर 40,000. विवरणपत्रात तो वळता करून मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

या वाटेने बहुतेक जण अमेरिकेत नोंदलेला इमर्जिंग मार्केट्स ईटीएफ घेतात. आतले शेअर तैवानचे, पण वेष्टन अमेरिकेचं. लाभांशावर तिथे 25 टक्के कर कापला जातो (भारतात त्याची वजावट मिळते). त्याहून गंभीर म्हणजे खातेदाराचा मृत्यू झाला तर 60,000 डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर 40 टक्क्यांपर्यंत वारसाकर लागू शकतो. आयर्लंडमध्ये नोंदलेले यूसीआयटीएस ईटीएफ (युरोपीय नियमांखालचे) घेतले तर ही तलवार डोक्यावर राहत नाही. रक्कम मोठी होणार असेल तर पहिल्या दिवसापासून तेच घ्या.

कर आणि वर्षाची कामं

भारतीय शेअर आणि इक्विटी फंड बारा महिन्यांनंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे 12.5 टक्के. त्याआधी विकले तर 20 टक्के. आशियाई फंडांना सव्वा लाखाची सूट नाही. एनएसईवर नोंदलेला ईटीएफ बारा महिन्यांनी आणि फंड ऑफ फंड चोवीस महिन्यांनी विकला तर 12.5 टक्के, त्याआधी तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर तेविसाव्या महिन्यात विकणं फार महागात पडतं. एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचे महिने वेगळे मोजले जातात हे विसरू नका.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निफ्टी फंडातला लाखभर रुपयांचा दीर्घकालीन नफा विकून तेच पैसे परत घाला. खरेदीची किंमत वर सरकते आणि त्या वर्षाची सूट वाया जात नाही. 31 मार्चपर्यंत थांबू नका, सुट्ट्या आडव्या येतात.

परदेशात थेट खातं असेल तर आयटीआर-1 चालत नाही. आयटीआर-2 मध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, आणि ते आर्थिक वर्षाचं नसून कॅलेंडर वर्षाचं असतं. म्हणून 31 डिसेंबरची शिल्लक आणि वर्षातली सर्वोच्च किंमत जानेवारीतच ब्रोकरच्या पत्रकातून उतरवून ठेवा. भारतीय फंड ऑफ फंडच्या युनिटना हे लागू नाही, त्या वाटेचा हा आणखी एक फायदा. नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्यांनी मात्र उलट बाजूने विचार करावा: तिथले करदाते म्हणून भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी करकायद्यात 'पीएफआयसी' (परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात आणि प्रत्येक फंडासाठी दरवर्षी वेगळा फॉर्म 8621 भरावा लागू शकतो. निघण्याआधीच पुण्या-मुंबईतल्या सीएशी बोलून फंड ठेवायचे की विकायचे ते ठरवा, आणि निवासी बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपया खातं) करून घ्या.