गणितीय विश्लेषणातील संशोधनासाठी सरकारी अनुदान : मराठवाड्यातील प्राध्यापकांनी प्रस्ताव कसा लिहावा

गणितीय विश्लेषणाला प्रयोगशाळा लागत नाही, रसायने लागत नाहीत आणि कोट्यवधींची यंत्रेही लागत नाहीत. त्यामुळे किनवटच्या किंवा परांड्याच्या महाविद्यालयात बसूनही या विषयात दर्जेदार काम करता येते. मराठवाडा विद्यापीठात शिकवणाऱ्या बी. जी. पाचपट्टे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकलनी असमानता (संकलने असलेली ‘पेक्षा लहान-मोठे’ अशी गणिती विधाने) आज जगभरातील विकलक समीकरणांच्या शोधनिबंधांत वापरल्या जातात, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना अनेकदा परदेशी निबंध वाचतानाच कळते. तरीही आपल्या भागातून या विषयाचे प्रस्ताव फार थोडे जातात, आणि जे जातात त्यांतील बरेचसे एकाच कारणाने परत येतात : त्यांत रकाने सगळे भरलेले असतात, पण प्रश्न नसतो.

प्रथम पैसा कोठून मिळतो ते पाहू. केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ, म्हणजे एनबीएचएम, केवळ गणितासाठी आहे. संशोधन प्रकल्प, परिषदांचा प्रवास, ग्रंथालयांसाठी पुस्तके, पीएचडीच्या व त्यानंतरच्या शिष्यवृत्त्या अशी त्याची मदत अनेक प्रकारची असते. दुसरे दार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे. २०२३ च्या कायद्याने ही संस्था आली आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, ज्याला आपण सर्व जण ‘सर्ब’ म्हणत होतो, तिच्यात विलीन झाले. ‘सर्ब’च्या काळापासून चालत आलेली ‘मॅट्रिक्स’ ही योजना खास गणिती संशोधकांसाठी आहे. तिची मूळ रचना वर्षाला २ लाख रुपये ठरावीक अनुदान, मुदत ३ वर्षे आणि संस्थेला वेगळा ओव्हरहेड, म्हणजे तिच्या प्रशासकीय खर्चाची रक्कम, अशी होती. रक्कम व पात्रता यांसाठी मात्र ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरातच वाचावी, सहकाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. राज्य विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी ‘टेअर’ या योजनेची कल्पना फार उपयोगी आहे : शिक्षकाने आपली नोकरी न सोडता वर्षातील काही काळ आयआयटी किंवा आयसर यांसारख्या संस्थेत मार्गदर्शकाबरोबर काम करावयाचे असते. अनुसूचित जाती व जमातींतील संशोधकांसाठी फाउंडेशनची स्वतंत्र योजना आहे, आणि पात्र असलेल्यांनी संकोचापायी ती टाळू नये.

आता मुख्य गोष्ट. माझा पहिला प्रस्ताव नामंजूर झाला तेव्हा परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा होता. प्रस्ताव कशाविषयी आहे हे कळते, पण काय सिद्ध करायचे आहे ते कळत नाही, असा त्याचा आशय होता. मी उद्दिष्ट लिहिले होते : ‘अपूर्णांकी कोटीच्या विकलक समीकरणांच्या उकलींचे अस्तित्व व एकमेवता यांचा अभ्यास करणे.’ हे वाक्य मराठवाड्यातील आपल्या दोन्ही विद्यापीठांच्या किती पीएचडी आराखड्यांत असेल, याची गणती करू नये हेच बरे. त्यात समीकरण कोणते, अट कोणती, आधी काय माहीत आहे आणि अडले कोठे, यांपैकी काहीच नव्हते.

तेच उद्दिष्ट पुढे असे लिहिता आले. समीकरणात कॅपुटो विकलज, म्हणजे अपूर्णांकी कोटीचा एक विकलज, आहे, त्याची कोटी अल्फा शून्य व एक यांच्या दरम्यान आहे. समीकरणातील उकलीचा गुणक स्थिर आणि धन असेल, तर उकल किती वाढू शकते हे सांगणाऱ्या ग्रोनवाल पद्धतीच्या असमानतेतून मिळणारी मर्यादा मिटाग-लेफ्लर फलनाच्या रूपात येते आणि ती काळाबरोबर घातांकी वेगाने वाढते, म्हणून अर्धरेषेवर, म्हणजे शून्यापासून अनंतापर्यंतच्या काळासाठी, तिचा उपयोग होत नाही. गुणक जर काळाच्या उणे अल्फा घाताच्या वेगाने घटत असेल, तर उकल अनंतापर्यंत मर्यादित राहते का, आणि गुणकाच्या कोणत्या किमतीपलीकडे ती तशी राहत नाही? गुणक पुरेसा लहान असेल तर बानाखच्या स्थिरबिंदू प्रमेयाने उत्तर अर्ध्या पानात ‘होय’ असे मिळते. ते अर्धे पान प्रस्तावात जोडावे, कारण अर्जदाराला विषय हाताळता येतो याचा त्यापेक्षा चांगला पुरावा नाही. मोठ्या गुणकाचे काय, हा मग खरा प्रकल्प ठरतो. असा प्रश्न अपरिचित परीक्षकालाही एका वाचनात कळतो, त्याचे उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा एखादी किंमत असे असू शकते, आणि तीन वर्षांनी काय साधले हे तपासता येते. तीन उद्दिष्टे पुरेत. त्यांतले एक जवळजवळ हातात आलेले, एक कष्टाने साधेल असे आणि एक कदाचित न साधणारे असावे, आणि तिसऱ्याबद्दल तसे स्पष्ट लिहावे.

‘समाजाला उपयोग काय’ असा रकाना नमुन्यात आला की आपल्याकडे दुष्काळ हमखास उगवतो. ज्या असमानतेचा पर्जन्यमानाशी काडीचा संबंध नाही, तिला जायकवाडीच्या पाणीसाठ्याशी जोडलेले मी वाचले आहे. परीक्षक बहुधा गणितज्ञच असतो आणि ही ओढाताण त्याला लगेच दिसते. त्या रकान्यात कोणत्या गणिती शाखेला या निष्कर्षाची गरज आहे आणि प्रकल्पातून किती विद्यार्थी तयार होतील, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी पुरते.

पूर्वीचे काम शोधण्यासाठी पैसे मोजावे लागतीलच असे नाही. झेडबीमॅथ ही गणिती साहित्याची सूची २०२१ पासून सर्वांना मोफत खुली आहे आणि आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर ताजे निबंध मिळतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही शोधनियतकालिके वाचायला मिळण्यासाठीची केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून आपली संस्था तिच्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे. शोध घेताना केवळ शब्द न देता विषय वर्गीकरणाचा क्रमांक द्यावा : विकलज व संकलने असलेल्या असमानतांसाठी २६ डी १०, अपूर्णांकी कोटीच्या सामान्य विकलक समीकरणांसाठी ३४ ए ०८. हाच क्रमांक प्रस्तावात बिनचूक लिहिला तर तो योग्य परीक्षकाकडे जाण्याची शक्यता वाढते. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांतील प्रकाशने यादीत असतील, तर ती वगळलेलीच बरी. चार चांगल्या निबंधांची यादी चाळीसांच्या यादीपेक्षा अधिक वजनदार वाटते.

ज्या योजनेत अंदाजपत्रक मागतात तेथे विश्लेषणाचा खर्च प्रामुख्याने प्रवासाचा असतो, आणि तो तसा मागण्यात काही गैर नाही. दिवाळीच्या सुट्टीत सहसंशोधकाकडे पुण्याला पंधरा दिवस, उन्हाळ्यात मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात दहा दिवस, नांदेडहून येण्याजाण्याचे रेल्वेभाडे, पाहुण्या गणितज्ञाची एक आठवड्याची व्याख्याने आणि एक लॅपटॉप : प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या उद्दिष्टासाठी आहे हे एका वाक्यात लिहावे. तीन लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर मागितला की परीक्षकाची भुवई उंचावते.

मसुदा तयार झाल्यावर तो दोघांना वाचायला द्यावा, एक विश्लेषण जाणणारा आणि दुसरा बीजगणिताचा. दुसऱ्याला पहिले पान कळले नाही तर ते पुन्हा लिहावे. संस्थाप्रमुखांच्या सही-शिक्क्याचे संमतिपत्र मात्र मसुद्याची वाट न पाहता आधीच मागून ठेवावे. एका वर्षी आमचे प्राचार्य विद्यापीठाच्या बैठकीला गेलेले, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या लिपिकाकडे, अशा अवस्थेत अंतिम तारखेची संध्याकाळ उलटून गेली आणि वर्षभराचे काम तसेच राहिले. शेवटच्या दिवशी संकेतस्थळही मंदावते, म्हणून चार दिवस आधीच सर्व कागद चढवावेत.

मंजुरीपत्र आले की ते लेखापालांसमवेत बसून शेवटच्या अटीपर्यंत वाचावे. आवर्ती व अनावर्ती रकमा वेगळ्या असतात आणि एका शीर्षातील पैसा दुसऱ्यात परवानगीशिवाय वळवता येत नाही. खरेदी संस्थेच्या नियमांप्रमाणे, बहुधा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, करावी लागते. आर्थिक वर्ष संपले की खर्चाचे विवरण आणि जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे लागते. ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही, आणि ते अडते बहुतेक वेळा एखाद्या हरवलेल्या बस तिकिटामुळे. म्हणून प्रवासाहून परतल्याच्या दिवशीच तिकिटे कागदावर चिकटवून मागे तारीख व कारण लिहावे. खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याज आपले नसते, ते भारत कोश या पोर्टलवरून शासनाकडे भरून त्याची पावती प्रमाणपत्रासोबत जोडावी लागते; आमच्या लेखापालांनी हे व्याज पहिल्या वर्षी पुस्तकांवर खर्ची टाकले होते आणि ते दुरुस्त करण्यात माझी अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली.