पेडलांच्या रांगेत गिटारचा आवाज कुठे गळतो?

आवाज पडला की बहुतेक जण आधी ॲम्पचा नॉब वाढवतात, नाहीतर बूस्ट पेडल घेऊन मोकळे होतात. गळती सापडायच्या आधी आवाज वाढवला तर खरखर आणि हमही सोबत वाढतात, आणि दोष जागचा हलत नाही. माझ्याकडे कोणी पेडलांचा बोर्ड घेऊन आलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: सगळी पेडलं बंद असतानाही आवाज कमी येतो, की एखादं चालू केल्यावरच?

नक्की सांगता येत नसेल तर गिटार एकाच केबलने थेट ॲम्पला लावा. नॉब आहेत तिथेच राहू द्या आणि एकच कॉर्ड त्याच जोराने वाजवत राहा. हा तुमचा मूळ आवाज. आता सगळी पेडलं बंद ठेवून बोर्ड मध्ये घाला. आवाज उतरला, तर बोर्ड सोडवून गिटारच्या बाजूने एकेक पेडल जोडत जा. ज्या पायरीवर आवाज पडेल तिथे पेडलावर नाही, आधी पॅच केबलवर (दोन पेडलं जोडणाऱ्या छोट्या वायरीवर) संशय घ्या. सोल्डर न करता नुसत्या स्क्रूने आवळायच्या प्लगांवर माझा तरी भरवसा नाही. केबल हलवून बघा, प्लग पूर्ण आत बसलाय ना तेही बघा. 'इन' आणि 'आउट' उलटे जोडले गेले असतील, तर ट्रू बायपास पेडल (बंद केल्यावर सिग्नल आतल्या सर्किटला वळसा घालून सरळ पुढे सोडणारं) बंद असताना सुरळीत वाजतं आणि चालू केलं की गप्प होतं. स्टिरिओ पेडलातून एकच वायर काढायची असेल तर ती 'मोनो' लिहिलेल्या आउटमधूनच काढा.

केबली ठीक आहेत, तरी आवाज दबलेला आणि बोथट? मग बहुतेक वेळा व्हॉल्यूमपेक्षा ट्रेबलच जास्त हरवलेला असतो. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स (ट्रेबल खाणारा गुण) मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. सगळी पेडलं ट्रू बायपास असतील तर ती बंद असताना जाणारी, येणारी आणि मधली सगळी लांबी पिकअपच्याच (तारांचा कंप सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या) गळ्यात पडते. सुरुवातीला एक बफर (कमकुवत सिग्नलला लांब केबल पेलायचं बळ देणारं सर्किट) लावा, काम होतं. बॉसची बहुतेक छोटी पेडलं बंद असतानाही बफरचं काम करतात, त्यामुळे तुमच्या बोर्डवर तो आधीच असू शकतो. फझ फेसच्या जातीचं फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) मात्र बफरच्या आधी, थेट गिटारला लावा. बफरनंतर ते कर्कश वाजतं आणि गिटारच्या नॉबला नीट दाद देत नाही.

माझ्या हिशेबात सगळ्यात वरचा संशयित म्हणजे व्हॉल्यूम पेडल. पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारी) व्हॉल्यूम पेडलं साधारण दोन प्रकारची मिळतात: २५० किलोओहम आणि २५ किलोओहम. साध्या पिकअपच्या लगेच पुढे २५० वालं हवं. २५ वालं बफरनंतर किंवा ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपसाठी. ते थेट साध्या गिटारला लावलं तर पाय पूर्ण दाबूनही पातळी आणि ट्रेबल दोन्ही उतरलेले राहतात, आणि माणूस ॲम्पला शिव्या देत बसतो. त्याच पेडलाच्या ट्यूनर आउटला ट्यूनर लावलेला असेल तर तो काढून वाजवून बघा. काही पॅसिव्ह पेडलांत तोही सिग्नलवर ओझं टाकतो. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) लावणाऱ्यांचंही हेच दुखणं: लाइन इनपुटची इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बरीच कमी असते, म्हणून 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी'चं बटण दाबा. त्याची साधारण १ मेगाओहम असते.

एखादं पेडल चालू केल्यावरच आवाज पडत असेल तर आधी त्याचा लेव्हल नॉब चालू-बंद करत मूळ आवाजाशी जुळवा. हसू नका, अर्धी प्रकरणं इथेच मिटतात. मग वीज बघा: उतरलेली बॅटरी, किंवा अडॅप्टरचे मिलीअँपिअर सगळ्या पेडलांच्या बेरजेपेक्षा कमी. बिग मफसारखं पेडल मिड (मधल्या पट्टीतले स्वर) खणून काढतं, त्यामुळे एकट्याने वाजवताना दणदणीत वाटतं आणि बँडमध्ये नाहीसं होतं. तिथे व्हॉल्यूम नाही, ॲम्पचा मिड वाढवा.

उरला इफेक्ट्स लूप, म्हणजे ॲम्पच्या आतल्या साखळीत पेडलं घालायची 'सेंड' (बाहेर जाणारा) आणि 'रिटर्न' (परत येणारा) ही जॅकची जोडी. लूपमध्ये काहीच लावलेलं नसताना ॲम्पचा आवाज अधूनमधून पडत असेल तर सेंड ते रिटर्न एक छोटी पॅच केबल टाका. आवाज परत आला, तर रिटर्न जॅकमधला स्विच कॉन्टॅक्ट काळवंडलाय. ॲम्प बंद करा, प्लगवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तो जॅकमध्ये बऱ्याचदा आत-बाहेर करा. ट्यूब ॲम्प मात्र स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. लूपला लेव्हलचं बटण असेल तर तेही तपासा: +४ डीबीयू आणि -१० डीबीव्ही यांत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक आहे. गिटारची पेडलं लावली असतील तर -१० निवडा.