संस्थेसाठी पहिली मॅरेथॉन धावताना : पायांची आणि देणगीची तयारी

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी देणग्या गोळा करून तीत धावण्याची सोय आहे आणि त्या कामाचे समन्वयन ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था करते. अशा रीतीने पहिल्यांदा धावणाऱ्याला दोन कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागतात : पाय तयार करणे आणि लोकांकडे पैसे मागणे. बहुतेक जण पहिले काम मनापासून करतात आणि दुसरे संकोचापोटी डिसेंबरपर्यंत ढकलतात. पहिल्या वर्षी मीही तेच केले. शेवटच्या लांब पल्ल्याच्या आठवड्यात, विश्रांतीची सर्वाधिक गरज असताना, मी रात्री बारापर्यंत लोकांना संदेश पाठवत बसलो होतो. म्हणून दोन्ही कामांची सुरुवात ऑगस्टमध्येच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्याआधी प्रवेशाच्या अटी नीट वाचाव्यात, कारण पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या धावेचा वेळ पुरावा म्हणून मागितला जातो. अर्धमॅरेथॉनही न धावलेल्या माणसाने या वर्षी २१ किलोमीटर धावून त्याच संस्थेसाठी पैसे उभे करावेत. त्यात काहीही कमीपणा नाही. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय सराव सुरू करू नये.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून शर्यतीपर्यंत साधारण चोवीस आठवडे मिळतात आणि दहा किलोमीटर न थांबता धावू शकणाऱ्याला ते पुरेसे आहेत. आठवड्यातून चार दिवस धावावे : तीन दिवस पाच ते दहा किलोमीटर आणि रविवारी लांब पल्ला. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस मांड्या, पोटऱ्या आणि कंबर बळकट करणारे व्यायाम करावेत आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. रविवारचा पल्ला दहापासून सुरू करून दर आठवड्याला फार तर दोन किलोमीटरने वाढवावा, पण दर चौथ्या रविवारी तो मुद्दाम बराच कमी करावा, कारण शरीर बळकट होते ते त्या विसाव्यात. अशा चढउताराने डिसेंबरच्या अखेरीस ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत पोहोचता येते. त्यापुढे सरावात जाण्याची गरज नाही. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरते ठेवावे आणि त्या काळात वाटणाऱ्या अस्वस्थतेला भुलून एखादी जादाची मोठी धाव घेऊ नये.

वेगाविषयी एकच कसोटी पुरे. लांब पल्ला धावताना शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. नवख्याला हे हळू धावणे अपमानास्पद वाटते, परंतु अंतर पेलण्याची ताकद त्यातूनच येते. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, तेव्हा नकाशा पाहून ठेवावा. मात्र पेडर रोडच्या चढाने आजवर अनेकांना अखेरच्या टप्प्यात चालायला लावले आहे. त्यासाठी मुंबईकरांनी उड्डाणपुलांवर आणि पुणेकरांनी तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या चढांवर पंधरा दिवसांतून एकदा सराव करावा.

आपल्याकडे या सरावाची खरी परीक्षा हवामान घेते. पावसाळ्यात भिजलेले बूट पंख्याखाली नुसते ठेवले, तर आतून ओलेच राहतात. आतले तळवे काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने ते बदलावेत, म्हणजे सकाळपर्यंत बूट बऱ्यापैकी कोरडे होतात. शक्य असेल तर दोन जोड आलटूनपालटून वापरावेत. काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावल्याशिवाय लांब पल्ल्याला निघू नये. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तोच वेग अधिक जड वाटतो, म्हणून पहाटे साडेचार-पाचला निघावे आणि वेग कमी करण्यास मनाला राजी करावे.

शरीरातील साखरेचा साठा साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो आणि तेव्हा पाय अचानक शिशाचे होतात. त्यामुळे भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात ती सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर आणि गुळाची चिक्कीही चालते. काय पचते हे रविवारच्या सरावातच ठरवावे. नुसते पाणी ढोसत राहणेही धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम घटते. तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात तयार केलेले ओआरएस अधूनमधून घ्यावे. धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नये. घाम गाळणाऱ्या शरीरात तिचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

आता पैशांविषयी. संस्था निवडताना तिचे काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि मागील वर्षाचा अहवाल मागावा, आणि हजार रुपयांत तिथे नेमके काय होते, असा सरळ प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर हाच आपल्या आवाहनाचा गाभा असतो. देणगी स्वतःच्या खात्यावर घेऊ नये. ती थेट संस्थेकडे किंवा मोहिमेच्या अधिकृत पानावर जावी. आयकरातील ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट हवी असेल, तर देणगीदाराने पॅन द्यावा लागतो, दोन हजारांवरील रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती नाहीच. हे आधीच सांगितले, म्हणजे मार्चमध्ये कोणाचा हिरमोड होत नाही. परदेशातील नातेवाइकांपैकी ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी केवळ एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. भारतीय पारपत्र असलेल्यांना आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने देता येते.

गणपतीच्या दिवसांत लोकांकडे वर्गणी मागणारे आधीच आलेले असतात, म्हणून ऑगस्टमध्ये फक्त नावांची यादी करावी आणि दिवाळी उरकल्यावर मागायला सुरुवात करावी. पहिली देणगी स्वतःची असावी. सगळ्या गटांवर एकच संदेश टाकल्यास त्याला अंगठ्याची चिन्हे येतात, पैसे येत नाहीत. प्रत्येकाला नावाने लिहावे. उदाहरणार्थ : “मावशी, जानेवारीत मी ४२ किलोमीटर धावणार आहे. आमच्या भागातल्या अंध मुलांच्या शाळेसाठी मी पैसे जमवतो आहे. तुला जमेल ते दे, नाही जमले तरी रविवारी सकाळी माझी आठवण काढ. तुझी पावती मी स्वतः पाठवीन.” मागताना रक्कम सुचवायची असेल, तर त्या रकमेत संस्थेला मिळू शकणारी एखादी वस्तू तिच्याशी जोडावी, आकडा एकटा सोडू नये. दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी.

एक गोष्ट प्रत्येक देणगीदाराला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावी : मी शर्यत पूर्ण केली किंवा नाही केली, तरी तुमचे पैसे संस्थेला मिळणारच आहेत. हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये माझ्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली. इतक्या लोकांनी पैसे दिले आहेत, आता थांबायचे कसे, या विचाराने मी दोन रविवार लंगडत धावलो आणि तीन आठवड्यांचा सराव गमावून बसलो. ज्या दुखण्याने चाल बदलते, त्याच दिवशी थांबावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. देणाऱ्याने संस्थेला दिलेले असते. आपला गुडघा त्याने तारण ठेवून घेतलेला नसतो.

शर्यतीचा आठवडा संक्रांतीचा असतो. तिळगूळ हातावर घ्यावा, तोंडात एक तुकडा टाकावा आणि बाकीचा डबा सोमवारसाठी ठेवावा, कारण तेलकट तीळ पोटात घेऊन धावणे अवघड जाते. शनिवारी वरणभात, दही, उकडलेला बटाटा असे ओळखीचे अन्न खावे, बिब (छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक) आणि बूट रात्रीच काढून ठेवावेत आणि झोप लागली नाही तरी अंथरुणावर पडून राहावे. रविवारी पहिले दहा किलोमीटर लोक आपल्याला मागे टाकतील, त्यांना जाऊ द्यावे.

शर्यतीनंतरच्या आठवड्यात प्रत्येक देणगीदाराला जमलेली एकूण रक्कम कळवावी आणि पावती पाठवावी. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींना मोबाइलवरून पैसे पाठवता येत नव्हते. त्यांनी हळदीकुंकवाचे बोट लावलेल्या पाकिटात पाचशे एक रुपये दिले होते. त्यांची पावती मी संस्थेतून कागदावर लिहून आणली आणि सोमवारी संध्याकाळी, कठडा धरून एकेक पायरी चढत, ती त्यांच्या हातात नेऊन दिली.